अडीच फेऱ्यांची गन

मामूच्या मांडीत घुसलेली वाळू काढायला डॉक्टरांना सव्वा तास लागला. मी बाहेर बाकावर बसले होते. माझ्या ओढणीवरचं त्याचं रक्त वाळून कडक झालं होतं. आतून त्याचा आवाज येत नव्हता. मधूनच चिमटा स्टीलच्या ताटलीत ठेवल्याचा आवाज यायचा, तेवढाच.

मामू माझा सख्खा मामा नव्हता. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांचं परळी रस्त्याला, सिरसाळ्याच्या अलीकडे, टँकर दुरुस्तीचं शेड होतं. मामू तिथला कारागीर. परळीचा, मुसलमान, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे. माझ्या आईला तो आपा म्हणायचा, म्हणून आमचा मामू. त्याच्या बायकोला मग मुमानी म्हणायचं हेही त्यानंच शिकवलं.

आमच्याकडे येणारे टँकर पाण्याचे. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे, उरलेले आठ महिने कुणाच्या तरी वाड्यामागं नाहीतर रस्त्याकडेला गंजत पडलेले. संक्रांत झाली की ते ओळीनं शेडवर यायचे. आतला गंज काढून, रंग देऊन, झडपा बसवून परत जायचे. गंज काढायची रीत एकच होती. एका लोखंडी भांड्यात चाळलेली वाळू भरायची, काँप्रेसरनं दाब द्यायचा आणि नळीच्या टोकाला लावलेल्या गनमधून ती पत्र्यावर मारायची. गंज, जुना रंग, सगळं निघून पत्रा पांढरा पडतो. वरच्या झाकणातून टँकरच्या पोटात उतरून हे काम मामू करायचा. अण्णा बाहेर भांड्यापाशी उभे राहायचे.

तेव्हाची गन म्हणजे लोखंडी पायपाचा तुकडा आणि त्याला वेल्डिंगनं जोडलेली नोझलची नळी. घोडा नव्हता. सुरू-बंद करायचं ते बाहेरून, अण्णांनी. वाळू जशी गंज खाते तशीच नोझल खाते. पेन्सिल जाईल एवढं भोक पाऊण-एक तासात अंगठ्याएवढं व्हायचं, जोर कमी पडायचा, मग मामू नळी तीनदा ओढून खूण करायचा आणि बाहेर यायचा. अण्णा जुनी नळी कापून नवी जोडायचे. त्या दिवशी नोझल ठीक होतं, पण त्याच्या मागं गनची भिंत आतून झिजून कागदासारखी झाली होती. बाहेरून रंग शाबूत. ती फुटली आणि वाळूचा झोत आडवा त्याच्या मांडीत गेला. तो ओरडला, पण काँप्रेसरच्या आवाजात अण्णांना ऐकू आलं नाही. भांडं बंद व्हायला किती वेळ लागला ते अण्णांनी कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा नुकतीच घरी परतले होते. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, वाळूजच्या एका कारखान्यात तीन वर्षं यंत्राच्या भागांची ड्रॉइंगं काढली होती. तो विभाग बंद झाला आणि आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं. आई स्थळं बघत होती. मी बोर्ड आणि टी-स्क्वेअर माळ्यावर टाकून स्वयंपाकघरात बसले होते.

मामूच्या मांडीचे टाके निघाले त्या दिवशी मी बोर्ड खाली काढला.

दोन गोष्टी मला हव्या होत्या. एक, हातात धरायला मूठ आणि बोटाखाली घोडा. दाबला तरच वाळू सुटेल, सोडला की बंद. दुसरी, नोझल वेगळं. पुण्याहून सिरॅमिकच्या नळ्या मिळत होत्या, लोखंडापेक्षा कितीतरी टणक, अंगठ्याएवढ्या. ती नळी गनच्या तोंडात बसवायची, वरून टोपीसारखा नट आवळायचा, मधे रबराचं वायसर. झिजली की टोपी काढायची आणि दुसरी नळी घालायची. वेल्डिंग नको, कापाकापी नको.

पहिली गन परळीच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. तासाभरात वायसर फाटलं आणि टोपीच्या कडेतून वाळू उडायला लागली. मी गन उघडून बघितली. गनचं भोक आणि नळीचं भोक यात एका बाजूनं जरासा फरक राहिला होता, नखाच्या जाडीएवढा. त्या पायरीवर वाळू आपटत होती, घुमत होती आणि लोखंड कुरतडत होती. चूक लेथवाल्याची नव्हती. ड्रॉइंगमध्ये मीच तेवढी सूट दिली होती.

दुसऱ्या गनमध्ये भोकं जुळली, पण टोपीचे आटे धुळीनं असे जाम झाले की दोन पाने लावूनही ती हलेना. मामू टँकरमधून बाहेर आला, गन माझ्यापुढं ठेवली आणि खाटेवर बसून पाय लांब केला. तो पाय त्याला पुरता वाकवता येत नव्हता.

"बेटी, आटे लई बारीक पाडलेस तू. घड्याळाचं काम हाय का हे?"

"बारीक असले की घट्ट बसतात, मामू."

"घट्ट बसतात, मग उठत न्हाईत." तो हसला. मग त्यानं समोरच्या टँकरकडं बोट केलं. "ते पाणी सोडायचं टोपण बघ. चिखलात पडतं, धुळीत पडतं, बायका हातानं उघडतात. कावून उघडतं?"

मी उठून ते टोपण हातात घेतलं. आटे जाड, दोन पेरांमध्ये मोजून चार. बाहेरून दोन कान, हातानं फिरवायला. मी कितीदा ते बघितलं असेल.

"आणि आटे तोंडाशी नको ठेवू," मामू म्हणाला. "मागं घे. वाळूच्या समोर कावून ठेवतीस त्यांना?"

तिसऱ्या गनचे आटे जाड होते, झोतापासून मागं घेतलेले, टोपीच्या झालरीखाली झाकलेले. टोपीला दोन कान. हातमोजा घालूनही अडीच फेऱ्यांत उघडायची. मी घड्याळ लावून बघितलं, नोझल बदलायला एक मिनिटही लागलं नाही. मामूनं ते तीनदा करून दाखवलं, जादूगारासारखं, आणि अण्णांना म्हणाला, "मालक, आपल्या पोरीनं कारखान्यावाल्यांना मागं टाकलं." संध्याकाळी अण्णांनी पेढे आणले. माझं ड्रॉइंग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या भिंतीला लावलं.

मला त्या दिवसांबद्दल खरं लिहायचं आहे, म्हणून हेही लिहिते, की मी फार आनंदात होते. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला मी गन उघडून दाखवायची. आईनं आणलेल्या एका स्थळाला चहाचा कप देता देता मी नोझलबद्दल सांगितलं होतं.

कामाचा वेग दुप्पट झाला. साखर कारखान्याच्या टाक्या यायला लागल्या. मामू शर्टाच्या खिशात तीन नळ्या टाकून सकाळी टँकरमध्ये उतरायचा. तोंडाला दोन पदरी गमजा, डोळ्यांवर चष्मा. आधीच्या गनच्या वेळी तो पाऊण-एक तासानं बाहेर यायचा, कारण जोर कमी पडला की त्याला यावंच लागायचं. अण्णा नळी जोडेपर्यंत तो लिंबाखाली बसायचा, चूळ भरायचा, नाक शिंकरून काढायचा, चहा घ्यायचा. दिवसातून पाच-सहा वेळा तरी. आता त्याला बाहेर यायचं कारण उरलं नव्हतं. नोझल तो आतच बदलायचा. झाकणातून धूर निघावा तशी पांढरी धूळ निघत राहायची आणि आतून झोताचा आवाज येत राहायचा, मधे मिनिटभर थांबायचा, परत सुरू व्हायचा. तो मिनिटभराचा थांबा ऐकला की मी मनात म्हणायची, बदललं.

तो जेवायलाच बाहेर यायचा. भुवया, पापण्या, कानांची भोकं पांढरी. आम्ही हसायचो त्याला. तोही हसायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात तो जेवताना थांबायला लागला. घास हातात, आणि नुसता बसलेला. मी विचारलं तर म्हणाला, "दम खातो जरा." मग खोकला. मग शेडच्या तीन पायऱ्या चढताना मधेच उभं राहणं. शर्टाचे खांदे लोंबायला लागले. एका दवाखान्यात एक्स-रे काढला आणि टीबी आहे म्हणून गोळ्या सुरू केल्या. सहा महिने त्यानं त्या नेमानं घेतल्या. गल्लीत बातमी पसरली. मुमानीच्या हातचं पाणी लोक घेईनात. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, धर्मापुरीजवळच्या एका घरात. तिकडून निरोप आला की सध्या थांबू. गोळ्या संपल्या, खोकला तसाच. पुन्हा गोळ्या. तब्येत बरी असली की तो कामावर यायचा आणि बरी नसली तरी यायचा. अण्णा म्हणायचे, "बस बे, राहू दे." पण टँकर ओळीनं उभे असायचे आणि मामूसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ते 'राहू दे' म्हणायचे आणि भांड्यात वाळू भरायला घ्यायचे.

शेवटी मी आणि मुमानी त्याला लातूरला छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. मुमानी बाहेर बाकावर थांबली. तरुण डॉक्टर होते. त्यांनी फोटो दिव्यावर लावला, बराच वेळ बघितला आणि वळून विचारलं, "काम काय करता?"

"रंगकाम," मामू म्हणाला. तो सगळीकडं हेच सांगायचा. गंज काढणं हे त्याच्या लेखी रंगाच्या आधीची झाडलोट होती.

मी सांगितलं, की वाळू मारायचं काम. टँकरच्या आत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एका वेळी किती वेळ आत असता?"

"आदी तासभर बी नसायचो," मामू म्हणाला. "जुनी गन लवकर खलास व्हायची, बाहेर यावं लागायचं. नवी गन आल्यापासून तीन-तीन, चार-चार तास. एकदम मस्त चालते." मग त्यानं माझ्याकडं हात केला. दम लागला होता, तरी चेहरा उजळला होता. "हिनंच बनवली ती. माझी भाची हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. पुन्हा पेन उचलून लिहायला लागले. नंतर त्यांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं, की टीबी नाही. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसली आहे आणि फुप्फुस आतून घट्ट होत चाललं आहे. याला औषध नाही. ऑक्सिजन लागेल. पुढं काय ते त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परतीच्या एसटीत मामू खिडकीला डोकं लावून झोपला. मुमानी मला विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. मी म्हणाले, टीबी नाही म्हणाले. ती इतकी खूश झाली की तिनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून मला दिला. मी ती बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर अण्णांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि हातातल्या पान्याचं चाक फिरवत होते. त्या दिवसापासून त्यांनी वाळू मारायचं काम बंद केलं. पण डॉक्टरांनी एक कागद मागितला होता. मामूनं किती वर्षं, कसलं काम, कुठं केलं, याचं पत्र. ते असलं तर हा कामातून झालेला आजार आहे असा दाखला मिळेल, कामगार खात्याकडं अर्ज करता येईल.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, खरं तेच लिहायचंय."

"त्याला मी कधी नोकर म्हणलं न्हाई. भाऊ मानला. भावाला कुणी असा कागद लिहून देतं का?"

"भाऊ होता तर टँकरात कावून उतरवलंत?"

हे माझ्या तोंडून गेलं. अण्णांनी पाना खाली ठेवला. "आणि तू?" एवढंच म्हणाले. भिंतीवर पिशवीतलं ड्रॉइंग होतं, तिकडं त्यांनी बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती.

पत्र मी लिहिलं. शेडच्या लेटरहेडवर, माझ्या सहीनं. वर्षं लिहिली, काम लिहिलं, टँकरच्या आत हवा खेळायची काही सोय नव्हती हे लिहिलं. गनचं लिहिताना हात थांबला. मग तेही लिहिलं, की अमुक साली नवीन गन आली, तिची आखणी मी केली आणि त्यानंतर आत राहण्याचा वेळ वाढला. खाली ड्रॉइंगची प्रत जोडली. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढली तर खायचे, पण आणखी हवी का विचारलं तर आईकडं बघून उत्तर द्यायचे.

दाखला मिळाला, अर्ज मात्र परत आला. मामूची कामगार म्हणून कुठंच नोंद नव्हती.

शेवटचे पाच महिने तो घरातच होता. बाजेवर आडवं होता यायचं नाही, म्हणून उशांना टेकून बसलेला. मी आठवड्यातून दोनदा जायची. तो सावकाश बोलायचा, तीन शब्द, मग श्वास. एकदा मी त्याला सांगितलं. सांगायचंच होतं, कितीतरी दिवस. म्हणाले, "मामू, जुनी गन असती तर तू बाहेर येत राहिला असतास."

त्यानं मान हलवली. "जुन्या गननं... पाय फोडला व्हता."

"तरी."

"तरी काय?" मग बराच वेळ श्वास घेऊन तो म्हणाला, "मला बी... कळलं न्हाई. मलाबी बरंच वाटायचं... सारखं वर-खाली... करायला लागत नव्हतं."

त्यानं मला माफ केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो फक्त जसं होतं तसं सांगत होता. दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात तो गेला. दफनाला अण्णा गेले होते. बायका जात नाहीत, म्हणून मी मुमानीपाशी बसून राहिले.

आमची गन मात्र बाहेर पडली होती. लेथवाल्याकडं माझं ड्रॉइंग होतं, त्यानं कुणाकुणाला करून दिली, त्यांची बघून दुसऱ्यांनी केली. माजलगाव, केज, गेवराई, मी जिथं जिथं टँकरचं शेड बघितलं तिथं थांबले. बहुतेक ठिकाणी तीच गन. टोपीच्या मागं मी चुकून एक खाच काढली होती, जिचा काहीच उपयोग नाही. ती खाचसुद्धा सगळ्यांनी जशीच्या तशी पाडली होती. मी त्यांना सांगायची, नदीची वाळू वापरू नका, कमी धुळीचा दुसरा खडा मिळतो. माणसाला बाहेरची हवा नळीनं देणारी टोपी येते, ती घ्या. अर्ध्या तासाला माणूस बाहेर काढा. एका शेडमालकानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, गन लई भारी हाय बघा. काय बी तक्रार न्हाई." त्याच्या मागं टँकरमधून पांढरी धूळ निघत होती. मी झाकणापाशी जाऊन आतल्या माणसाला हाक मारली. झोताच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही.

मामूच्या वर्षश्राद्धासारखं त्यांच्यात जे काही असतं, ते झाल्यावर मुमानी घरी आली. हातात लातूरचा दाखला. "तू शिकलेली हायस," ती म्हणाली. "हा कागद घेऊन माझ्यासंगं चल. त्या लोकांना वाचून दाखव, की आमच्या घरात टीबी नव्हती."

त्या लोकांना, म्हणजे मुलीच्या ठरलेल्या सासरी. आम्ही दोघी रिक्षानं गेलो. मुलाच्या आजोबांनी अंगणात खुर्च्या टाकल्या. मी दाखला वाचला आणि सोप्या भाषेत सांगितलं, की हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, धुळीनं होतो, कामानं होतो. म्हातारे लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर?"

"नाही."

"मग तुम्हाला एवढं कसं माहीत?"

मी सांगितलं. शेड, टँकर, गन, सगळं. मुमानीनं माझ्या हातावर हात ठेवला होता, तो तिनं मधेच काढून घेतला. माझ्या गनमुळं तो तासन्‌तास आत राहायला लागला, हे तिला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, पण ते मराठीत, आणि तिला वाचता येत नाही.

म्हाताऱ्यांनी चहा मागवला. बघू म्हणाले.

परत येताना रिक्षात मुमानी बाहेर बघत होती. कन्हेरवाडी मागं गेल्यावर ती म्हणाली, "त्यो मला कधी बोलला न्हाई."

"हो."

"तू बी न्हाई."

तिनं दाखल्याची घडी घालून ती पदराच्या आत ठेवली आणि घर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. लग्न तिथं झालं नाही. दोन वर्षांनी मुलीचं दुसरीकडं झालं, परभणीला. मला बोलावणं नव्हतं. आई जाऊन आली. म्हणाली, साधंच झालं, मुलगी नीट दिसत होती, जेवायला चांगलं होतं.